लाख, कोरोमंडल, चिनी : नावांवर किती विसंबायचं?

पीएचडीची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : साधनचिकित्सा म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय? बाह्य चिकित्सा, अंतर्गत चिकित्सा, समकालीन आणि उत्तरकालीन साधनं हे सगळं पेट परीक्षेपुरतं पाठ असतं. पण समोर एखादी वस्तू आली आणि तिच्याखाली दोन ओळींची चिठ्ठी असली, की आपण वस्तू सोडतो आणि चिठ्ठीच साधन म्हणून उतरवून घेतो. आज या चिठ्ठीबद्दलच बोलू. उदाहरण मुद्दाम आपल्या नेहमीच्या वाटेवरचं घेतलेलं नाही, ते आहे चीनमधल्या जुन्या कोरीव लॅकरकामाचं. पण थोडं थांबा, ते फिरून दौलताबादला आणि अजिंठ्याला येतं.

आधी वस्तू बघू. तळहाताएवढी गोल डबी डोळ्यांसमोर आणा. रंग गडद लाल, आणि सगळ्या अंगावर खोल कोरलेली फुलं-पानं, नाहीतर डोंगर, पूल आणि काठी टेकत चाललेला म्हातारा. पाहणाऱ्याला वाटतं, लाकूड कोरलं आणि वर रंग दिला. इथे उलटं आहे. लाकडाचा आतला साचा अगदी साधा, पातळ असतो. त्यावर एका झाडाच्या चिकाचे थर चढवत जायचे, शंभराच्या आसपास, कधी त्याहून जास्त. प्रत्येक थर कागदापेक्षा पातळ. एक थर पक्का झाल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. असं करत करत काही मिलिमीटर जाडी झाली, की मग कोरायला घ्यायचं. म्हणजे कोरीवकाम लाकडात नसतं, रंगाच्याच जाडीत असतं. लाल रंग हिंगुळाचा. अशा लाल कामाला चिनी भाषेत तिहोंग म्हणतात. दुसरा एक प्रकार आहे, त्यात लाल आणि काळे थर आलटून पालटून देतात आणि तिरकी खाच मारतात, म्हणजे खाचेच्या उतारावर रंगांचे पट्टे दिसतात. कांदा उभा कापल्यावर दिसतात तसे. एक ताटली पुरी व्हायला वर्ष किंवा जास्त लागलं तरी नवल नव्हतं.

आता तो चीक. झाडाचं शास्त्रीय नाव टॉक्सिकोडेंड्रॉन व्हर्निसिफ्लुअम, आणि नावातच विष आहे. खोडाला आडव्या खाचा देऊन थेंब थेंब गोळा करतात. जपानमध्ये याच जातीचं झाड दहा-पंधरा वर्षं वाढवलं तर एका हंगामात साधारण २०० ग्रॅम चीक मिळतो, एवढंच. कच्चा चीक कातडीला लागला की फोड येतात, सूज येते. तुमच्या घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना विचारा, 'बिब्बा उतणं' म्हणजे काय. अगदी तेच. आणि हा योगायोग नाही. बिब्बा, काजू, आंबा आणि हे चिनी झाड एकाच कुळातले आहेत. चिकातला मुख्य घटक उरुशिओल, आणि बिब्ब्याच्या तेलातली द्रव्यं त्याची जवळची भावंडं. धोब्याची कपड्यावरची बिब्ब्याची खूण धुतल्यानं जात नाही, त्यामागे हेच रसायन आहे. (काजूच्या टरफलाच्या तेलापासून जपानमध्ये या चिकाला स्वस्त पर्याय काढला गेला. पण तो वेगळा विषय.)

या चिकाची गंमत अशी की तो 'वाळत' नाही. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर कुरडया दोन दिवसांत कडकडीत होतात, पण तिथे हा चीक ठेवला तर चिकटच राहील. त्याला दमट हवा लागते, सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता. चिकातच एक विकर असतं, ते ओलाव्यात हवेतला प्राणवायू घेऊन चिकाचे रेणू एकमेकांना जोडतं. १८८३ मध्ये योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं ते ओळखलं, पुढे त्याला लॅकेज हे नाव मिळालं. एकदा पक्कं झालं की ते उष्णतेनं वितळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळत नाही.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिथे आहे.

आपल्याकडच्या लाखेचं काय? लाख ही कोणत्याही झाडाचा चीक नाही. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे वस्ती करतात आणि आपल्याभोवती राळेसारखं कवच तयार करतात, ती लाख. लाखेच्या बांगड्या, पाकिटावरची लाखेची मोहोर, पायाला लावायचा अळिता, लाक्षागृह, सगळं या किड्याचं. लाख गरम केली की मऊ होते, थंड झाली की घट्ट, परत गरम केली की परत मऊ. स्पिरिटमध्ये ती विरघळते, फर्निचरवाले पॉलिश करतात ते तेच. म्हणजे दोन्ही पदार्थांचा उगम वेगळा, रसायन वेगळं आणि वागणूक तर थेट उलटी.

आणि नाव मात्र एक! इंग्रजीतला लॅकर हा शब्द लाखेपासूनच निघाला. संस्कृत लाक्षा, त्यावरून लाख, फारसी-अरबीत लक, पोर्तुगीजांच्या तोंडी लाका आणि लाक्रे, आणि तिथून युरोपभर. यातला महत्त्वाचा मुक्काम आपल्या शेजारचा आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी द्रव्यांवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यात लाखेवर एक आख्खा संवाद आहे. लाख पेगूकडून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून येते आणि मुंग्यांसारखे जीव ती तयार करतात असं तो नोंदवतो. मुंग्या चुकीच्या, पण हे झाडाचं नसून जीवाचं काम आहे हे बरोबर. पुढे १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच माणूस लिन्सखोटेन कातारी लोकांचं काम सांगतो : लाकूड फिरत असतं, त्यावर रंगीत लाखेचा तुकडा दाबतात आणि घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर पसरते. सावंतवाडीची लाखेची खेळणी किंवा चन्नपट्टणची खेळणी बनताना पाहिली असतील तर हे वर्णन तुम्हाला चारशे वर्षांपूर्वीचं वाटणारच नाही.

युरोपीय व्यापाऱ्यांना चीन-जपानची चकचकीत पेटी पाहून हाताशी असलेला शब्द हाच मिळाला. त्यात भर म्हणजे म्यानमारमध्ये दोन्ही गोष्टी मिळतात. किड्याची लाखही आणि थित्सी नावाचा एका वेगळ्या झाडाचा चीकही, ज्यानं तिथली भांडी रंगवतात. एकाच बंदरातून दोन पदार्थ निघाले आणि एका शब्दात शिरले.

तुम्ही म्हणाल, शब्दाचा इतिहास रंजक आहे, पण माझ्या प्रबंधाला त्यानं काय फरक पडतो? पडतो. समजा तुम्ही सावंतवाडीच्या लाखकामावर काम करताय. इंग्रजी ग्रंथात 'लॅकर' वाचलं, चीनच्या कामालाही 'लॅकर' म्हणतात हे वाचलं, मध्ये गोवा आहे, पोर्तुगीजांचा मकाऊशी व्यापार आहे. एवढ्यावर 'चिनी प्रभाव' नावाचं प्रकरण सुरेख उभं राहतं. वाचताना पटतंसुद्धा. पण तंत्राच्या बाजूनं त्याला पाया नाही, कारण एका ठिकाणी उष्णतेनं वितळणारी राळ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ओलाव्यात पिकणारा चीक. नक्षीत, आकारात प्रभाव असू शकतो. तो दाखवायचा तर नक्षी समोरासमोर ठेवून दाखवावा लागेल, शब्दाच्या आधारावर नाही.

दुसरा परिणाम जास्त वाईट, कारण तो कागदावर राहत नाही. नोंदवहीत दोन्ही वस्तूंपुढे 'लाखकाम' लिहिलेलं असेल आणि ती वाचून कुणी साफसफाईला बसलं, तर काय होईल? खऱ्या लाखेवर स्पिरिटचा बोळा फिरला की रंग बोळ्यावर येईल. चिनी वस्तूचा मूळ थर टिकेलही, पण तिची कधीकाळी लाखेनं दुरुस्ती केलेली असेल तर ती विरघळून जाईल. शिवाय वर्षानुवर्षं उजेडात राहिलेल्या चिनी लॅकरचा वरचा थर इतका कमकुवत झालेला असतो की साध्या पाण्याचा ओला फडकाही त्याला नको. मराठवाड्यातला कोरडा उन्हाळा तर या वस्तूंचा वैरीच : आतलं लाकूड आकसतं, वरचा थर आकसत नाही, आणि मग भेगा. एका शब्दाच्या चुकीत आख्खी वस्तू जाऊ शकते.

आता दुसरं नाव, कोरोमंडल. लिलावाच्या याद्यांत, जुन्या घरांच्या वर्णनांत 'कोरोमंडल पडदा' असा उल्लेख भेटतो. मोठमोठ्या घडीच्या लाकडी पडद्यांवर काळा थर, त्यात खोदून भरलेले रंग. वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं, तमिळ-तेलुगू किनाऱ्यावरची कला असावी. तिथे असे पडदे कधी बनत नव्हते. ते सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चीनमध्ये बनत आणि कोरोमंडल किनाऱ्यावरच्या युरोपीय वखारींमधून पुढे जात, म्हणून गिऱ्हाइकांनी ते नाव दिलं. त्याच्या आधीच्या इंग्रजी नोंदींत याच मालाला बँटम काम म्हणायचे, जावा बेटावरच्या बंदरावरून. म्हणजे नाव बनवणाऱ्याचं नाही, वाटेतल्या गोदामाचं. व्यापाराचा इतिहास लिहिणाऱ्याला हे नाव सोन्यासारखं आहे, कलेचा इतिहास लिहिणाऱ्याला खड्ड्यात घालणारं. कोणतं साधन 'चांगलं' हे तुमच्या प्रश्नावर ठरतं, ते असं.

तिसरं नाव तर आपल्या दारातलं. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. गोवळकोंडा पडल्यावर १६८७ मध्ये औरंगजेबानं अबुल हसन कुतुबशहाला, म्हणजे तानाशाहाला, इथेच कैदेत ठेवलं होतं. महालाचं नाव चिनी, पण त्याचा चीनशी संबंध एवढाच की भिंतीवर निळ्या, पिवळ्या चकाकत्या फरशांचं काम होतं. तुरळक तुकडे आजही दिसतात. चकाकी दिलेल्या मातीकामाला आपल्याकडे सरसकट 'चिनी' म्हणायची पद्धत पडली, जशी चिनी माती. इथे 'चिनी' हे देशाचं नाव राहिलेलंच नाही, ते पृष्ठभागाचं वर्णन झालंय. वाक्यात शब्द कोणतं काम करतोय हे पाहिल्याशिवाय तो नकाशावर ठेवू नका.

मग दौलताबादचा चीनशी खरा संबंध कधी आला? एक धागा भक्कम आहे. मुहम्मद तुघलकाच्या दरबारात चीनच्या युआन सम्राटाकडून वकिलात आली. तिला उत्तर म्हणून तुघलकानं १३४२ मध्ये इब्न बतूताला भेटवस्तू घेऊन रवाना केलं. दिल्लीहून उज्जैन, तिथून दौलताबाद, मग नंदुरबार आणि खंबायत असा त्याचा मार्ग. म्हणजे चीनला निघालेला तांडा याच किल्ल्याखालून गेला. आणि हाच काळ चांग छेंग आणि यांग माओ या दोन कारागिरांचा आहे. च्याशिंग भागातल्या शितांगचे हे दोघे युआन काळातले कोरीव लॅकरचे सर्वांत नावाजलेले हात.

इथे मोह होतो. काळ जुळतोय, वाट जुळतेय, मग लॅकरची एखादी पेटी आलीच असेल ना? इब्न बतूतानं चिनी सम्राटाच्या भेटींची यादी दिली आहे : १०० गुलाम आणि दासी, उंची कापडाचे ५०० नग, कस्तुरी, रत्नं जडवलेले झगे, भाते, तलवारी. लॅकर नाही. यावरून 'आलं नव्हतं' असं म्हणता येईल का? तेही नाही. ही यादी त्यानं बारा-तेरा वर्षांनी मोरोक्कोत बसून सांगितली, लिहून घेणारा दुसराच होता, आणि भेटींच्या यादीत लोक लक्षात राहील तेवढंच, भारी वाटेल तेवढंच सांगतात. मौनावरून निष्कर्ष काढायचा तर एकच अट असते : ती वस्तू असती तर या माणसानं ती नक्की नोंदवली असती, हे आधी दाखवा. इथे ते दाखवता येत नाही. त्याला चिनी मातीच्या भांड्यांचं कौतुक होतं, ती तो आवर्जून सांगतो. लॅकरबद्दल त्याला तसं काही वाटत होतं याची खूण नाही. तेव्हा प्रबंधात फार तर इतकं लिहा की मार्ग होता, काळ होता, नोंद नाही. अशी तीन तुकड्यांची कोरडी वाक्यं लिहायला जिवावर येतं, पण व्हायवात तीच वाचवतात.

चिठ्ठीकडून आता शिक्क्याकडे येऊ, कारण 'वस्तूवरच लिहिलंय' हा पुरावा आपल्याला अंतिम वाटतो. मिंग घराण्यातल्या योंगल सम्राटाच्या काळातलं (१४०३ ते १४२४) कोरीव लॅकर सर्वांत उत्तम मानतात. त्या वस्तूंच्या बुडाशी, कडेला, सुईनं ओरखडल्यासारखी बारीक सहा अक्षरं असतात. पुढच्या श्युआन्द काळातला (१४२६ ते १४३५) शिक्का ठसठशीत असतो, चाकूनं कोरून सोनं भरलेला. आता घोटाळा असा की काही वस्तूंवर श्युआन्द शिक्क्याच्या खाली किंवा शेजारी आधीच्या योंगल अक्षरांच्या पुसट रेषा सापडतात. मिंग काळातच एक गोष्ट सांगितली जायची की नंतरच्या कारागिरांना जुन्यांची बरोबरी जमेना, म्हणून ते जुन्या वस्तू विकत घेऊन त्यावर नवा शिक्का मारून दरबारात देत. गोष्ट खरी असो वा नसो, रेषा खऱ्या आहेत. उलटाही प्रकार झाला : योंगलची कीर्ती वाढल्यावर ती बारीक सहा अक्षरं नंतरच्या वस्तूंवर ओरखडणारेही निघालेच. म्हणून तज्ज्ञ शिक्का सर्वांत शेवटी वाचतात. आधी थरांची जाडी, कोरल्यावर कडा घासून किती गोल केल्यात, पाकळी कशी वळवली आहे, पार्श्वभूमीला कोणती भौमितिक नक्षी आहे, हे बघतात. आपल्या ताम्रपटांच्या आणि सनदांच्या बाबतीत वेगळं काय आहे? खोट्या सनदेवरचा शिक्का बहुधा खऱ्यापेक्षा जास्त स्पष्ट असतो.

ग्रंथाचं साधनही एक आहे आणि त्याचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हुआंग छेंग नावाच्या कारागिरानं लॅकरकामावर 'श्यूशी लू' हा ग्रंथ लिहिला. १६२५ मध्ये यांग मिंग या दुसऱ्या कारागिरानं त्यावर टीपा लिहिल्या. या विषयावर जुन्या चीनमधून वाचलेला ग्रंथ म्हणजे हा एवढाच, आणि तोही चीनमध्ये वाचला नाही. हस्तलिखित जपानात टिकलं, त्यावरून १९२७ मध्ये चू छिछियेन यांनी ते चीनमध्ये छापलं. कारागिरानं स्वतः लिहिलेला ग्रंथ किती दुर्मीळ असतो ते आपल्याला माहीत आहे. आपल्या कातारी, लखारी मंडळींचं ज्ञान लिहिलेलं कुठे सापडणार? तिथे मौखिक साधनांशिवाय गत्यंतर नाही आणि त्याला उशीर होतोय.

प्रयोगशाळेबद्दल थोडक्यात. टाचणीच्या टोकाएवढा नमुना तापवून त्याचे घटक वेगळे करण्याची पद्धत आहे, तिनं चीक कोणत्या झाडाचा ते कळतं : चीन-जपानचा उरुशिओलवाला, व्हिएतनाम-तैवानकडचा लॅकोलवाला की म्यानमार-थायलंडचा थित्सिओलवाला. किड्याची लाख त्यात लगेच वेगळी पडते. बाजारात 'सिनाबार' म्हणून मिळणारे लाल मणी आणि डब्या बहुतेक साच्यात दाबलेल्या राळेच्या असतात. त्यासाठी प्रयोगशाळाही नको, भिंग पुरतं. कोरलेल्या खाचेत चाकूची धार आणि थरांच्या रेषा दिसतात. साच्यातल्या वस्तूत सगळं गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं. संग्रहालयातल्या वस्तूवर मात्र हौशी प्रयोग करायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

शेवटी, संशोधनाचा विषय शोधणाऱ्यांसाठी एक वाट. खरं चिनी लॅकर पाहायचं तर आपल्याला सोयीचं ठिकाण हैदराबादचं सालारजंग म्युझियम. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ते सुरू झालं, मुळाशी मुख्यतः तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान (१८८९ ते १९४९) यांचा संग्रह. चिनी दालनात पोर्सेलिन, मीनाकाम, भरतकाम यांच्याबरोबर लॅकरही आहे. आता जुनं गॅझेटियर उघडा. तेव्हा भोकरदन तालुक्यात असलेलं अजिंठा गाव सालारजंगांच्या जहागिरीत नोंदवलेलं आहे. म्हणजे ज्या घराण्यानं जगभरातून वस्तू गोळा केल्या, त्याच्या उत्पन्नात आपल्या जिल्ह्यातल्या रयतेचाही हिस्सा होता. अमुक पेटी अमुक गावच्या साऱ्यातून आली असं यावरून म्हणता येत नाही. पण 'जहागीर आणि संग्रह' हा प्रश्न विचारता येतो : कारभाऱ्यांचे हिशोब, खरेदीच्या पावत्या, इस्टेटीची कागदपत्रं एकत्र ठेवून. दख्खनी जहागिरींवर महसुलाच्या बाजूनं बरंच लिहिलं जातं, तो पैसा खर्च कशावर झाला याकडे फारसं कुणी बघत नाही, असं माझं मत आहे.

हे काम करायचं तर उर्दू-फारसी शिकस्ता वाचता यायला हवी, निदान शिकायची तयारी हवी. शोधताना शहराची सगळी नावं टाका : खडकी, औरंगाबाद, खुजिस्ता बुनियाद, आता छत्रपती संभाजीनगर. आणि वस्तूंसाठी फक्त 'लॅकर' टाकू नका. लाख, लुक, रोगन, वार्निश, चिनी काम, जपानी काम, सगळं तपासा, कारण नोंदवहीतल्या कारकुनानं काय लिहिलं असेल त्याचा नेम नाही. हैदराबादला जाणार असाल तर आठवडा जुळवून जा, म्युझियम शुक्रवारी बंद असतं.